सूचना: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परस्पर काही टाकू नये

सर्व सभासदांस,

गेल्या मंगळवारी हापूसच्या पेट्यांची बिलं काढायला बसलो तर स्क्रीनवर जाहिरातीच जाहिराती. कोणीतरी पेनड्राइव्हवरून ‘फुकट मराठी फॉन्ट’ टाकला होता. फॉन्ट आलाच नाही, दुसरंच बरंच आलं. मशीन देवगडहून कणकवलीला न्यावं लागलं आणि ऐन हंगामात दोन दिवस बिलं हातानं लिहिली.

आजपासून ॲडमिनचा (मशीनमध्ये काहीही टाकू-बदलू शकणाऱ्या खात्याचा) पासवर्ड फक्त सचिवांकडे. बाकी सगळ्यांना साधं खातं. टायपिंग, छपाई, ईमेल त्यात होतं. विंडोजच्या मूळ फाइलींना मात्र हात लागत नाही. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ अशी चौकट आली तर ‘नाही’ दाबा आणि फोन करा. (न वाचता ‘हो’ दाबणारे कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, बाहेरून काही आणायला नको.

सिक्युअर बूट चालू केलंय. मशीन सुरू होतानाच ते खात्रीची डिजिटल सही नसलेला बूट प्रोग्रॅम (विंडोज सुरू होण्याआधी चालणारा) अडवतं. ते कोणी बंद करू नये.

मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर विंडोज १० आहे. त्याचे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून त्याची इंटरनेटची वायर काढली आहे. कृपया परत जोडू नये.

— सचिव