आधी आवाज ऐका, मग पार्ट बदला

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की तुमच्या पत्रांच्या पानावर खड्ड्यांचीच पत्रं असतात आणि ती असायलाच हवीत, पण मी आज खड्ड्याच्या चार पावलं पुढचं लिहितोय, म्हणजे खड्ड्यातून गाडी बाहेर आल्यावर पुढच्या चाकाकडून जो खडखडाट सुरू होतो आणि मग गॅरेजात आपला खिसा कसा रिकामा होतो त्याबद्दल. माझा झाला म्हणून लिहितोय. कोणा गॅरेजचं नाव घेणार नाही, त्यांची एकट्याची चूक नाही, माझीही आहे, ते पुढे येईलच.

मी माशेलचा, कामाला वेर्ण्याला. रोज बाणस्तारी, जुने गोवे, करमळी, पिलार आणि मग झुआरी पूल, परत येताना तेच उलटं. गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक. जूनमध्ये पुढून डाव्या बाजूने आवाज यायला लागला. झुआरी पुलावर काही नाही, एकदम गुळगुळीत, पण करमळीच्या बाजूला खोदलेला रस्ता नीट न बुजवलेला एक पट्टा आहे, तिथे गाडी वीस-पंचवीसच्या स्पीडने गेली की खडखडखड, पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं. बायको म्हणाली डिकीतले नारळ असतील. खरंच होते, सासुरवाडीहून आलेले सहा, ते काढले, जॅक आणि पाना कापडात गुंडाळून ठेवला, बॉनेट उघडून बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघितला (तो सैल असला तरी अगदी असाच आवाज येतो आणि लोक खालून गाडी खोलत बसतात), पण खडखड आपली चालूच.

गॅरेजात गेलो. सांगितलं, "पुढून आवाज येतो." एवढंच. त्याने बॉनेट दोन हातांनी दाबलं, सोडलं, आणि म्हणाला शॉकअप गेले. पाच मिनिटं पण नाही लागली. शॉकअपची जोडी, वरचे माउंट (शॉकअपचं वरचं टोक ज्यात बसतं ते), मजुरी असे अकरा हजार दोनशे. मीही मान हलवली कारण दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. संध्याकाळी गाडी घेऊन निघालो तर बाणस्तारीच्या पुलापर्यंत छान वाटलं, मग घराजवळच्या पेव्हर ब्लॉकवर परत खडखडखड.

चवथीच्या आधी दिवाडीला सासुरवाडीला गेलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवताना ती लोखंडी फळी असते ना, तिच्यावर पुढची दोन्ही चाकं एकदम चढतात, धप्प असा एकच आवाज, बाकी काही नाही. पण पलीकडे उतरल्यावर रस्त्याची डावी कड तुटलेली, फक्त डावं चाक खाली गेलं की टक, परत वर आलं की टक. म्हणजे दोन वेगळे आवाज होते! एक बारीक खडबडीत रस्त्यावरचा खडखडाट आणि एक असा एकेरी टक. मी तीन महिने दोन्हींना मिळून "आवाज" म्हणत होतो.

मेहुण्याने फोंड्याच्या बाजूच्या एका वयस्क मेकॅनिककडे पाठवलं. त्यांनी गाडीला हातच लावला नाही आधी. मी चावी पुढे केली तर म्हणाले, "पयलीं आवाज आयकुया, मागीर स्पॅनर." शेजारच्या सीटवर बसले, काच खाली केली, मला गाडी पेव्हरवरून वीसच्या स्पीडने न्यायला सांगितली. खडखड सुरू झाली. "आता ब्रेकवर नुसता पाय टेकव, दाबू नको." टेकवला. आवाज बंद. पाय काढला, सुरू. परत टेकवला, बंद. मला खरं सांगायचं तर लाज वाटली, अकरा हजार घालवले आणि उत्तर माझ्या उजव्या पायाखाली होतं.

त्याचं कारण त्यांनी चाक काढून दाखवलं. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड, त्यांच्या दोन्ही टोकांना कानासारखे तुकडे असतात, ते ब्रॅकेटच्या खाचेत बसतात. पॅडला पुढे-मागे सरकायचं असतं म्हणून तिथे थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, आणि ती मोकळी जागा वाजू नये म्हणून मध्ये पातळ स्टीलची क्लिप असते, स्प्रिंगसारखी दाबून धरणारी. माझ्या डाव्या चाकात वरची क्लिपच नव्हती. मागच्या वर्षी कुठेतरी पॅड बदलले तेव्हा राहिली असणार किंवा तुटली म्हणून फेकली असणार, एवढीशी पट्टी. त्यांनी बाहेरचा पॅड बोटाने हलवला, टकटक वाजला. शिवाय कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर फाटलेलं, आत पाणी शिरून ग्रीसचा चिखल झालेला. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फाटकं रबर तिथे काय टिकणार. ब्रेकवर पाय टेकवला की पॅड डिस्कला चिकटतात, हलायला जागा उरत नाही म्हणून आवाज थांबतो, साधं आहे. पण त्यांनी लगेच हेही सांगितलं की एवढ्यावर निकाल देऊ नये, ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, सस्पेन्शनवर भार येतो आणि झिजलेल्या बुशचा (सांध्यातल्या रबराचा) आवाजसुद्धा कधीकधी त्याने बदलतो, म्हणून चाक काढून हाताने हलवून बघायचंच.

आता तो दुसरा टक. ते फेरीबोटीचं मी सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले अर्धं काम तूच केलंस. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी बार असतो, वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून. त्याला दोन्ही बाजूंनी छोटे लिंक रॉड असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता वर फिरतो, पिळला जात नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो आणि लिंकच्या टोकाचा बॉल झिजला असेल तर टक करतो. गाडी चारी चाकांवर उभी असतानाच त्यांनी लिंक मुठीत धरून हलवला, मला धरायला लावला, टिक्‌टिक्‌ अशी ढील हाताला स्पष्ट लागली. गाडी जॅकवर असती तर बारचा ताण वेगळा पडतो आणि ती ढील सापडली नसती कदाचित.

इथे एक आगाऊपणा करून सांगतो, आपण गोव्यात स्पीडब्रेकर चुकवायला एक चाक कडेच्या गटाराकडून काढतो किंवा गाडी तिरकी करून नेतो आणि वाटतं गाडी वाचवली. तो बार आणि ती लिंक नेमकी त्यानेच पिळून निघते. अर्थात दोष आपल्या एकट्याचा कसा म्हणायचा. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत गाड्या ताशी २५ किलोमीटरने जाव्यात असा उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता, म्हणजे लांबट आणि गोलसर. आमच्या गावातले बघा, अर्ध्या मीटरमध्ये डांबराचा उंट बसवलेला. आणि एकापुढे एक ते रंबलर, म्हणजे रस्त्यावरचे आडवे उंच पट्टे, त्यांच्यावरून तर सैल पॅड मशीनगनसारखे वाजतात.

मला वाटतं गॅरेजात जाताना आपण आवाज नीट सांगायला शिकलं पाहिजे, मराठीत तर आवाजांना केवढे शब्द आहेत. ब्रेक मारताना चीं होत असेल तर बहुधा पॅड संपत आलेत, बऱ्याच पॅडना मुद्दाम एक पत्र्याची पट्टी असते ती डिस्कला घासून सांगते. घर्र असं लोखंडावर लोखंड येत असेल तर उशीर झालाय, डिस्क पण जाणार. ब्रेक न मारता सतत खर्रर्र, आणि आदल्या दिवशी कच्च्या रस्त्याने गेला असाल, तर डिस्कमागच्या पत्र्यात चिऱ्याचा खडा अडकलेला असू शकतो, माझ्या भावाचा असाच निघाला, खर्च शून्य. पावसात रात्रभर उभ्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात तो डिस्कवरचा गंज, तो आपोआप साफ होतो, त्यासाठी गॅरेजला धावू नका.

पण काही आवाजांना थांबायचं नसतं. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ढील लागली तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर लागली तर टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक. यातलं काही निघालं तर गाडी चालवत नेऊ नका, बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं. आणि हे बघताना गाडीसोबत मिळालेल्या जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालू नका, पावसात आपली माती कशी बसते हे मी सांगायला नको.

माझं बिल सांगतो. क्लिपचा सेट, पिनांची रबरं, ब्रेकचं वेगळं सिलिकॉनचं ग्रीस (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना अडकतात, हे कितीतरी ठिकाणी सर्रास करतात), दोन लिंक रॉड, मजुरी, सगळे मिळून दोन हजार सातशे. त्यात एक ओळ होती, चेकिंग २००. मेहुणा हसला, आवाज ऐकायचे दोनशे? मी म्हटलं बाबा तेच दोनशे जूनमध्ये दिले असते तर अकरा हजार वाचले असते. आपण पार्टचे पैसे निमूट देतो कारण तो हातात धरता येतो, आणि कोणी अर्धा तास शेजारी बसून ऐकलं, चाक काढून हलवून बघितलं, त्याचे पैसे मागितले तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. मग गॅरेजवाला तरी कशाला ऐकेल? त्याला पार्ट बदलण्यातच पैसे मिळतात, तो पार्ट बदलतो. पहिल्या गॅरेजवाल्याने मला लुटलं असं मी म्हणत नाही, शॉकअप जुने होतेच, पण माझ्या आवाजाचं कारण ते नव्हते, आणि चल एक फेरी मारून येऊ असं ना तो म्हणाला ना मी.

म्हणून माझी आपल्यामार्फत गॅरेजवाल्यांना विनंती, चेकिंगचा दर सरळ फळ्यावर लिहून लावा, आणि गिऱ्हाइकांनी तो घासाघीस न करता द्यावा. काढलेला जुना पार्ट दाखवायची पद्धत पण ठेवा. आणि लोअर आर्मचं बुश बदलत असाल तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मग शेवटचा आवळतात का हे विचारायला गिऱ्हाइकाने लाजू नये, चाक लटकत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आपला,
एक वाचक, माशेल

ता.क. पत्र लिहून झाल्यावर गाडी अंगणात वळवत होतो, उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की उजवीकडून टुंग असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतोय. तो वरच्या माउंटचा असतो म्हणे, म्हणजे जूनमध्ये नवीन बसवलेलं तेच. शनिवारी परत फोंड्याला जातोय, दोनशे रुपये सुटे ठेवलेत.