‘प्राथमिक निवड’ झालेल्यांचं पुढे काय होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात रोजगार मेळाव्याची बातमी वाचली. फोटो, सत्कार आणि चौकटीत ठळक अक्षरांत ‘प्राथमिक निवड’ झालेल्या उमेदवारांचा आकडा. त्याच पानावर एका उद्योजकांचं म्हणणं: कामं भरपूर आहेत, आजची मुलं एका जागी टिकत नाहीत. हे वाक्य तुम्ही मथळ्यात घेतलं आहे. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

गेल्या वर्षी अशाच एका मेळाव्यात माझीही प्राथमिक निवड झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या बातमीतल्या आकड्यात मीही होतो. टेबलावर बायोडेटा घेतला, ट्रेड विचारला (मी आयटीआय फिटर), फॉर्मवर शिक्का मारला, झालं. पुढे फोन आला तो कंपनीचा नव्हता, ठेकेदाराच्या ऑफिसचा होता. भोसरीत एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. तिथे कळलं की काम रांजणगावला आहे आणि बस वाघोलीहून सुटते. पहिल्या शिफ्टला वाघोलीपर्यंत आपलं आपण पोहोचायचं. टेबलावर सांगितलेल्या पगारात पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), बोनस सगळं धरलेलं होतं, हातात येणारी रक्कम बरीच कमी. तरीही मी हो म्हणालो. मग बूट, गणवेश आणि मेडिकलचे पैसे आधी भरा म्हणाले. रूमवरच्या मित्राकडून उसने घेऊन भरले. त्यानंतर ‘लाइन बंद आहे, कळवतो’. आजतागायत कळवलेलं नाही. मेळावा भरवणाऱ्यांकडे चौकशीला गेलो तर तिथल्या यादीत माझ्या नावापुढे ‘निवड’ लिहिलेलं. बाई म्हणाल्या, तुमचं तर काम झालंय ना? त्यांच्या कागदावर ते झालेलंच होतं. कामावर रुजू झाला का, हा रकाना त्या यादीत नव्हता.

आता ‘टिकत नाहीत’ याबद्दल. मी चाकण आणि तळेगावच्या पट्ट्यात काम केलं आहे. तिथे माझ्यासारख्या ठेकेदाराकडच्या कामगारांना सात महिने झाले की ब्रेक मिळतो, म्हणजे कामावरून कमी करतात. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने सलग सेवा धरली जाते, मग कमी करताना नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. ते दिवस भरू नयेत म्हणून सात महिने. चाकणमधल्या कुठल्याही हेल्परला विचारा, तो सांगेल. ब्रेकनंतर पुन्हा बोलावतील याची खात्री नसते, म्हणून माणूस दुसरा ठेकेदार गाठतो. पीएफच्या नोंदीत कंपन्यांची रांग लागते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, एवढ्या कंपन्या का सोडल्या? साहेब, मी एकही कंपनी सोडलेली नाही. मला प्रत्येक ठिकाणी गेट पास जमा करायला सांगितलं गेलं.

दुसरा प्रश्न असतो, सध्या कुठे आहात? घरी आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. ज्याच्या हाताला काम नाही त्याने त्या आणायच्या कुठून? मी उद्या सकाळपासून उभा राहायला तयार आहे, नोटीस पिरियड नाही, हे माझ्या बाजूचं धरायला हवं. उलट ‘गरजू आहे’ हे ओळखून पगार खाली आणतात. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. गावाकडे परत जा म्हणणं सोपं आहे. परभणीत माझ्या ट्रेडचं काम असतं तर मी इथे आलोच नसतो.

१९५९ साली कायदा झाला, की २५ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला) कळवायच्या. कळवायच्या फक्त, तिथूनच भरायच्या असं बंधन त्यात नव्हतं. २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत न कळवल्यास पहिल्या वेळेचा दंड ५०० रुपयांपर्यंत होता. माझ्या वडिलांनी त्या कार्यालयाच्या नोंदणी कार्डाचं नूतनीकरण वर्षानुवर्षं केलं, मुलाखतीचा कॉल आला नाही. माझं नाव आता राज्य सरकारच्या महास्वयं या नोकरी-नोंदणीच्या पोर्टलवर आहे. यावर तुमच्या वार्ताहराने लिहावं, ही विनंती.

आणखी एक सांगायचं आहे, ते थेट आपल्या वृत्तपत्राबद्दल. छोट्या जाहिरातींत रोज येतं: ‘पाहिजेत मुले-मुली, अनुभवाची गरज नाही, राहणे-खाणे मोफत’. खाली फक्त मोबाइल नंबर. माझा रूम पार्टनर अशीच जाहिरात वाचून गेला, नोंदणी फी म्हणून पैसे घेतले, दोन दिवसांनी नंबर बंद. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वाचकांनी शहानिशा करावी’ असं तुम्ही छापता. नुकताच शहरात आलेला मुलगा कशी शहानिशा करणार? तुमच्याकडे जाहिरातदार येतो, पैसे भरतो. त्याचा पत्ता आणि नोंदणीचा कागद तुम्ही मागू शकता. मागा.

त्याच जागेत कधीतरी हेही छापा, की ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर अटी पूर्ण केल्यास ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के भत्ता मिळतो. आयुष्यात एकदाच मिळतो, पण मिळतो. ठेकेदार हे सांगत नाही. मला कळलं तेही उशिरा.

आणि कालच्या मेळाव्याची यादी जपून ठेवा. सहा महिन्यांनी वार्ताहराला त्यातल्या लोकांना फोन करायला सांगा. किती जण रुजू झाले, किती अजून कामावर आहेत, कोणाकडून कशाचे पैसे घेतले, एवढंच विचारायचं. जो आकडा येईल तो त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. मी भरलेल्या पैशांची पावती दाखवायला तयार आहे. तीवर कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचा शिक्का आहे.

माझं नाव आणि नंबर आपल्या कार्यालयाला स्वतंत्र कळवला आहे. कृपया छापू नये. पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी मुलाखत आहे.

आपला,
एक वाचक, भोसरी