पर्यावरणमंत्री महोदय, तळ्यातली डॅफ्निया कुठे आहे?

मा. पर्यावरणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी पुण्यात आमच्या घरामागच्या तळ्यावर ‘पुनरुज्जीवित’ अशी ग्रॅनाइटची पाटी बसली. अभिनंदन. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाण्यात जाळी फिरवली आणि गॅलरीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला. सायक्लॉप्स भरपूर. डॅफ्निया एकही नाही. सलग सव्विसावा महिना.

सायक्लॉप्स आपल्याला आठवत असतील, नारूवाले : नारूचा जंत पिण्याच्या पाण्यातून माणसात नेणारे ते बारीक जीव. पाणी फडक्याने गाळून प्या, असं सरकारच घरोघर सांगत होतं. २००० साली देश नारूमुक्त ठरला. मनावर घेतलं की जमतं, म्हणून तर राग येतो. सायक्लॉप्स हा प्राणी चिवट. डॅफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू, ती तशी नाही. दिवसभर शेवाळ गाळून खाते, तळं हिरवं होऊ देत नाही, आणि तांबं आलं की आधी मरते. नाल्यावरच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, शेड हलल्याला दोन वर्षं झाली, तरी ती परतलेली नाही.

गेल्या वर्षी बैठकीत एका साहेबांनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता, महिन्याभरात सगळे धातू तपासू. अकरा महिन्यांनी, तेही माहिती अधिकारात अर्ज केल्यावर, उत्तर आलं : ‘सामू ७.६. पाणी समाधानकारक.’

सामू म्हणजे पाणी किती आम्ल तेवढंच. समाधान कुणाचं? अहो, तांबं किती आहे एवढंच बघून भागत नाही, ते कसल्या पाण्यात आहे तेही बघावं लागतं. दुष्फेन, म्हणजे जड, पाण्यातलं कॅल्शियम त्याला जिवाच्या अंगाला सहज चिकटू देत नाही. कुजलेल्या पानांचा विरघळलेला अंश त्याला बांधून ठेवतो. मऊ, नितळ पाण्यात तेवढंच तांबं जीव घेतं. कॅनडात सडबरीला निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी आम्लाने आणि धातूंनी आसपासची तळी मारली. १९७०च्या दशकात मिडल आणि हॅना या दोन तळ्यांत चुना टाकला, सामू जागेवर आला. पुढे कित्येक वर्षांनी पाहिलं तर सायक्लॉप्सची जमात सावरलेली, डॅफ्नियाची नाही. पाण्यात धातू होतेच. त्यांनी निदान चुना तळ्याला लावला.

आणि तो गाळ! डॅफ्नियाची अंडी कवचात बंद होऊन गाळात दशकानुदशकं तग धरतात. धातूंचा गाळ काढायलाच हवा, मान्य. पण सरसकट? सगळं बियाणं डंपरमधून गेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झालेले असताना मी वॉकर घेऊन तळ्यावर गेले. मुकादम म्हणाला, “काकू, किड्यांसाठी एवढं?” तिथून थेट कार्यालयात. लिफ्ट बंद, चार मजले. वर कळलं, साहेब साइटवर आहेत. साइट म्हणजे तळं. मी तिथूनच आले होते.

खर्च कुणी ३ कोटी सांगतं, कुणी ७. नाचरं कारंजं त्यातच धरलंय की वेगळं, देव जाणे. त्यात पाण्याची एक नीट तपासणी बसली नाही! ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेला काचपट्ट्या मिळायला दोन-दोन वर्षं जात, उद्घाटनाच्या फिती मात्र त्याच दिवशी मिळत. नदी म्हणजे काठ, तळं म्हणजे ट्रॅक, शाळा म्हणजे कमान. आत काय जगतंय ते कुणी बघायचं? पेन्शनसाठी मला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, यंत्रावर बोट टेकवून. तळ्याला पाटी पुरते.

तर मागणं एवढंच : पाण्यात विरघळलेलं तांबं आणि निकेल, कॅल्शियम, सेंद्रिय कार्बन (तोच कुजलेल्या पानांचा अंश), सगळं एकाच दिवशी एकाच नमुन्यात मोजा आणि आकडे त्या पाटीखाली लावा. पूर्वेचा कोपरा अजून उपसलेला नाही. जेसीबी तिथेच उभा आहे. गुरुवारी सकाळी सहापासून मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे