श्रीधरला पत्र: बीटलचा अडकणारा चोक

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या एडिसनची थंडी आणि १९७२ची फोक्सवॅगन बीटल ही जोडी तूच जमवलीस, तेव्हा सहानुभूती जरा बेतानेच देतो. सकाळी गाडी लगेच सुरू होते, पण दहा मिनिटांनीही इंजिन चढ्या आवाजातच ओरडत राहतं, मागून काळा धूर येतो आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास सुटतो. चोक, म्हणजे थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावं म्हणून कार्ब्युरेटरच्या घशात मिटणारी झडप, उघडत नाहीये, हा तुझा अंदाज बरोबर वाटतो. पण कुणीतरी सांगितलं म्हणून चोकची गोल डबी फिरवलीस, ते चुकलं. ते सगळ्यात शेवटचं काम. झडप घासत असेल किंवा करंट येत नसेल, तर डबी फिरवून दुखणं दोन दिवस झाकलं जातं आणि मूळ सेटिंगही हातचं जातं.

आपल्या फियाटला चोक हाताने ओढायचा, विसरलो तर चूक आपली. तुझ्या सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मात्र चोकचे तीन मालक आहेत. डबीतली दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग थंड असताना झडप मिटते. इग्निशन चालू झालं की डबीतली वायर तापते, स्प्रिंग सैल पडते आणि झडप हळूहळू उघडते. दुसरा मालक व्हॅक्यूमचा पडदा. इंजिनाने पेट घेतल्याबरोबर तो झडप थोडी ओढून बारीक फट पाडतो, नाहीतर सुरू झालेलं इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरेल. तिसरा म्हणजे झडपेच्या दांड्यावरचा पायऱ्यांचा कॅम. थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने हलणाऱ्या झडपेचा, स्क्रू त्याच्या पायरीवर टेकतो, म्हणून थंडीत आयडलिंग, म्हणजे पाय न लावता इंजिनाचा वेग, चढं राहतं.

यातला कोण बिघडलाय ते घड्याळावरून कळतं. सुरू झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच काळा धूर सोडून इंजिन बसायला लागलं, तर पडदा फाटलाय किंवा त्याची वाट तुंबली आहे. सुरुवात नीट, पण पाच-सात मिनिटांनीही धूर आणि चढा आवाज कायम, तर झडप अडकते आहे किंवा डबी तापत नाही. तुझं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं दिसतं.

रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सुरुवात कर. एअर क्लीनर काढ, पण तुझा जुना तेलाचा असेल तर उभाच उचल. तिरका केलास की तेल थेट कार्ब्युरेटरच्या घशात. मग ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोड. हे विसरलास तर स्क्रू कॅमला धरून ठेवतो, झडप उघडीच राहते आणि आपण चांगल्या स्प्रिंगला नावं ठेवतो. दाबून सोडल्यावर थंडीत झडप पूर्ण मिटायला हवी.

आता बोटाने ती हळू उघड आणि सोड. स्प्रिंगचा हलका, सारखा ताण लागला पाहिजे. मध्येच कुठे खरखर, किंवा एखाद्या जागी झडप तशीच अडकून राहिली, तर दांड्यावर राळ बसली आहे. तुमच्याकडे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि हिवाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी, त्यामुळे नवल नाही. कार्ब्युरेटर क्लीनरची नळी दांड्याच्या दोन्ही टोकांवर धर, थोडंथोडं मार आणि झडप पंधरा-वीस वेळा हलव. डोळ्यांवर चष्मा, इंजिन थंड, इग्निशन बंद. डबीत आणि पडद्यावर फवारा जाऊ देऊ नकोस. साफ झाल्यावर तेल तर मुळीच लावू नकोस. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात तिथेच पुन्हा अडकते.

झडप मोकळी झाली की एअर क्लीनर बसवून क्लॅम्प आवळ आणि इंजिन बंद ठेवून पुन्हा तपास. गंमत इथेच आहे. क्लॅम्प जोरात आवळला तर कार्ब्युरेटरचा घसा किंचित चेपतो आणि झडपेची कड भिंतीला घासते. क्लीनर काढला की सगळं ठीक, लावला की अडकतंय, असं असेल तर हेच. क्लॅम्प फक्त डुगडुगणार नाही इतकाच धर. झडपेचे दोन छोटे स्क्रूही बघून घे. ढिला होऊन एखादा खाली पडला तर थेट इंजिनात.

मग करंट. इग्निशन कॉइलच्या १५ नंबरच्या टोकावरून एक वायर चोकच्या डबीला आणि आयडल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला जाते. इग्निशन चालू करून मल्टिमीटरने डबीच्या टोकावर बघ, बॅटरीइतकेच, म्हणजे बारा व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. नसतील तर वायर किंवा तिचं टोक गंजलं आहे. व्होल्ट आहेत, पण डबी तापत नाही, तर वायर काढून मल्टिमीटरने डबीचं टोक आणि कार्ब्युरेटरची बॉडी यांमध्ये मोज. सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं, दिसलं तर एकतर डबी जळली आहे, नाहीतर तिचं अर्थिंग तुटलंय. अर्थिंग कार्ब्युरेटरच्या बॉडीतूनच मिळतं, म्हणून डबी धरणारी रिंग आणि तिचे तीन स्क्रू आधी घासून साफ कर. इंजिन बंद ठेवून इग्निशन फार वेळ चालू ठेवू नकोस, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. बॅटरीवरून सुटी वायर देऊन चाचणी घेणं जास्त बरं. मिनिट-दोन मिनिटांत झडप सरकताना दिसायला हवी, आणि पाचेक मिनिटांत ती बरीच उभी, म्हणजे उघडी, झाली की डबी ठीक. तुमच्या कडाक्यात जास्त वेळ लागेल.

हे सगळं ठीक निघालं तरच डबीला हात. तीन स्क्रू ढिले कर आणि डबीच्या कडेची खूण कार्ब्युरेटरवरच्या तीन खुणांपैकी मधल्या खुणेसमोर आण. झडप मिटते त्या दिशेला चोक वाढतो, उलट दिशेला घटतो. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. डबी काढलीच असेल तर स्प्रिंगचा आकडा दांड्याच्या लिव्हरमध्ये अडकलाय ना, बघ. खात्री सोपी आहे. डबी दोन्ही बाजूंना फिरव, झडप मागोमाग हलली पाहिजे.

यानंतर आयडल. गरम इंजिनावर झडप पूर्ण उभी असताना थ्रॉटलचा स्क्रू कॅमच्या खालच्या पायरीला नुसता टेकेल असा आण आणि पाव वळसा आत घे. आयडलचा वेग या स्क्रूने लावायचा नाही, त्यासाठी मोठा बायपास स्क्रू आहे, तो मिनिटाला ८५० फेऱ्यांवर लाव. लहान मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत टेकवून अडीच ते तीन वळसे बाहेर घे. मग तो फिरवून सगळ्यात जास्त वेग शोध, तिथून आत घेत २०-३० फेरे कमी होईपर्यंत ये आणि बायपासने पुन्हा ८५० कर. दार उघडं ठेव, इतक्या श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणाचा धूर बंद गॅरेजमध्ये जीव घेऊ शकतो.

अजून एक आरोपी आहे, ज्याचा आळ नेहमी चोकवर येतो. इनटेक मॅनिफोल्डच्या खालून एक्झॉस्टच्या गरम गॅसची एक बारीक नळी जाते. तिच्यात काजळी भरली की चोक उघडल्यावर गाडी अडखळते, पिकअप घेत नाही. दहा मिनिटं चालल्यावर नळीच्या दोन्ही टोकांजवळ हात ने, पण टेकवू नकोस. एक बाजू गार लागली तर नळी तुंबली. मॅनिफोल्ड काढून, ड्रिलला जुन्या वायरचा दोर लावून ती खरवडावी लागते. किचकट काम आहे, तुझ्याकडे शनिवार असेल तरच काढ.

आणि तेलाची काडी ओढून हुंग. पेट्रोलचा वास आला तर तेल बदलावंच लागेल. झडप मिटून महिनाभर चालवलीस, तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली उतरलेलं असतं, आणि या इंजिनात तेल अडीच लिटरच असतं. चोक दुरुस्त झाल्यावर नवं भर, आधी नाही.

डबीच्या टोकावर मीटरने किती दाखवलं ते नक्की लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद