फवारणीची वही आणि दुकानाचं बिल

संपादक साहेब, बेटर कॉटन या कापूस शेतीच्या जागतिक उपक्रमातल्या कापसावर फवारणीचा खर्च घटतो असं सांगणारा तुमच्या पेपरातला रविवारचा लेख वाचला. त्यातला नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठाचा अभ्यास मी नाकारत नाही, पण तो झाला नागपूर आणि आदिलाबादकडे, २०१९ ते २०२२ मध्ये, आणि तुम्ही खाली सरळ खान्देशचं नाव जोडून मोकळे.

आमच्या चोपडा तालुक्यात मी स्वतः बेटर कॉटनच्या शेतकऱ्यांच्या एका गटात तीन वर्षं होतो. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच्या ओट्यावर बसून सगळ्यांच्या वह्या एकाच निळ्या पेनाने भरल्या, जूनपासूनच्या सगळ्या फवारण्या, माझ्या वहीत तर निंबोळी अर्क चार वेळा, मी आणला होता एकदाच (तोही अर्धा पडून आहे). अशा वहीवरून कोणी संशोधन केलं तर आकडा चांगलाच येणार ना! गटात येतो तो बहुतेक ठिबकवाला, आधीच हिशोबाने चालणारा, त्याची तुलना कोरडवाहूवाल्याशी करून काय कळणार? त्यापेक्षा कृषी केंद्राची बिलं बघा, गटात यायच्या आधीची आणि नंतरची, बोंडअळीच्या वर्षाची तर नक्कीच.

– एक कापूस उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव