नदीची पातळी रोज पहिल्या पानावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये ऐन गोकुळाष्टमीला बडोद्यात पाणी भरलं, त्याला आता बरेच दिवस झाले. नवे सोफे आले, भिंतींना रंग लागले. पण पावसाळा तोंडावर आला की आमच्या समा भागात पुन्हा तेच ऐकू येतं, 'पाऊस थांबला की पाणी उतरेल.' ही समजूत घातक आहे, म्हणून हे पत्र.

विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरातून येते आणि आजवा, प्रतापपुरा तलावांतून सोडलेलं पाणीही तिलाच मिळतं. शहरात पाऊस उघडला तरी नदी चढत राहते. त्यामुळे आभाळाकडे बघून काही कळत नाही, काळा घोडा पुलाजवळची पातळी बघावी लागते. तिथे २६ फूट ही धोक्याची खूण. २०२४ ला पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं.

माझं म्हणणं असं की प्रत्येक घराने आपला आकडा ठरवावा. २०१९ आणि २०२४ मध्ये किती फुटांना पाणी आपल्या फाटकाशी आलं, हे शेजारच्या जुन्या लोकांना विचारावं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावं. आमच्याकडे १८ फुटांना कागदपत्रं, धान्य आणि गाद्या माळ्यावर जातात. २२ फुटांना सासूबाई अलकापुरीत नणंदेकडे. त्या 'मी देव सोडून जाणार नाही' म्हणतात, म्हणून देवही सोबत जातात. म्हाताऱ्या माणसाला कमरेएवढ्या पाण्यातून, तेही अंधारात, उचलून न्यायची वेळ कोणावरही येऊ नये.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. पहिलं पाणी दारातून येत नाही, संडासातून आणि मोरीच्या जाळीतून येतं, काळं आणि घाण. गटार भरलं की ते उलटं वर चढतं. दाराला फळ्या लावत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे न्हाणीघर भरून गेलेलं असतं. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेती भरून, तोंड घट्ट बांधून ती संडासाच्या भांड्यात दाबून बसवायची, मोरीवर दुसरी ठेवायची. पाणी थोपतंच असं नाही, पण वस्तू उचलायला वेळ मिळतो. रेती ज्येष्ठातच आणून ठेवावी, पुराच्या दिवशी मिळत नाही.

गॅसचा सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो. रेग्युलेटर बंद करून, काढून, सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधावा. इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीवरच असते. लोखंडी स्टँड करून घेतलात तर पैसे वसूल होतात. मेन स्विच पाणी यायच्या आधी, कोरड्या पायांनी आणि कोरड्या हातांनी बंद करायचा. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ती सुरू करून बघू नका, इंजिन जातं.

सासूबाईंना इन्सुलिन लागतं आणि वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. आम्ही मातीच्या मोठ्या मडक्यात ओली रेती घालतो, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत घट्ट बंद केलेल्या बाटल्या आणि वर ओलं फडकं. रेती सतत ओली ठेवावी लागते, तेवढंच. औषधाचं पान संपत आलेलं असताना पावसाळा काढायचा नाही, हा आमच्या घरात नियम आहे.

प्यायचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरून चार-पाच दिवसांचं भरावं. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळतं. ती उपसून, ब्लीचिंगने धुतल्याशिवाय तिच्यातल्या पाण्याने चूळही भरू नये. खायला दशम्या, खाखरे, शेंगदाण्याचे लाडू, भाजके पोहे ठेवावेत. खिचडीला गॅस लागतो, पाणी लागतं आणि भांडी पडतात.

पाणी उतरल्यावर विश्वामित्रीतल्या मगरी अंगणात, जिन्याखाली, गाडीच्या आडोशाला राहतात. हातात बॅटरी आणि लांब काठी असल्याशिवाय दार उघडू नका. दिसली तर वनविभागाला कळवा, पोरांना व्हिडिओ काढायला जाऊ देऊ नका.

आता आपल्याकडे मागणं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विश्वामित्रीची आणि आजव्याची पातळी फुटांमध्ये रोज पहिल्या पानावर छापा, सोन्याचा भाव छापता तशी, ठरलेल्या जागी. सगळ्यांच्या हातात मोबाईल नाही, पण सकाळचा पेपर आमच्या पिढीच्या हातात असतोच.

आणि दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंतच्या आपल्या मराठी मंडळांना विनंती. गणपतीच्या वर्गणीला घरोघरी जाताच, तर तळमजल्यावर एकटं कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाची मुलं पुण्याला किंवा परदेशी आहेत, हे वहीत लिहून घ्या. पण यासाठी गणपतीची वाट बघू नका, २०२४ चा पूर गणपतीआधीच आला होता. यंदाची फेरी आषाढात काढा.

आपली,
एक वाचक
समा, वडोदरा