मुद्दाम मरू दिलेल्या कलमांबद्दल आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. वेंगुर्ले तालुक्यात आंब्या-काजूची नर्सरी चालवणारे काका पुष्कळ आहेत. पण शाळकरी पोरांसाठी हापूसच्या चांगल्या काड्या मरणाऱ्या रोपांवर बांधणारे तुम्ही एकटेच असाल, तेव्हा पत्र पोचेल.

आभार मानायचे आहेत ते त्याचेच. जागा दिलीत, माती-पिशव्या दिल्यात, आमच्या आठवीच्या वर्गाचा गोंगाट ऐन हंगामात सोसलात, ते तर आहेच. पण तसं कोणीही भल्या माणसाने केलं असतं.

वैज्ञानिक पद्धत आमच्या मुलांना पाठ होती. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, सगळं ओळीने म्हणून दाखवत. स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित चल यांच्या व्याख्या वहीत लाल शाईने अधोरेखित. फक्त यातल्या कशाशीही त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. म्हणून कोय कलमाचा, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या आंब्याची काडी बांधण्याचा, प्रयोग घ्यायचं ठरलं. प्रश्न साधा होता: रोपाचं वय वाढलं तर कलम कमी जगतात का?

मुलांनी रायवळ आंब्याच्या कोयी गोळा केल्या, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरल्या, आणि पेरल्याच्या तारखेवरून वय मोजणार होती. तुम्ही तिथेच थांबवलंत. कोय कधी पेरली याच्याशी काय करायचंय, वर कधी आली ते बघा. मग प्रत्येक अंकुराला तो उगवला त्या दिवसाच्या रंगाचा दोरा बांधला गेला. लोकर कमी पडली तेव्हा तुमच्याच घरातून आली.

कलम बांधायच्या दिवशी सगळ्यांचे हात शिवशिवत होते. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. बघताना फार सोपं वाटतं. तुम्ही म्हणालात, ‘हात बदललो की कलम बदलता.’ आणि एकूण एक कलम स्वतः बांधलीत. काडी एकाच झाडाची, पिशवीतली माती एकाच ढिगातली, सावली एकच, हे मुलांनी नियंत्रित चलांच्या यादीत लिहिलं होतं. बांधणारा हात त्या यादीत नव्हता. तो आता पहिल्या क्रमांकावर आहे.

पिशव्यांचंही तसंच. मुलांनी वयाप्रमाणे रांगा लावल्या, दिसायला छान. तुम्ही वर बोट दाखवलंत: कडेच्या रांगेवर पागोळी पडते. ती रांग कुजली तर दोष वयाचा की पाण्याचा? मग चिठ्ठ्या टाकून पिशव्यांच्या जागा मिसळल्या. नंतर वर्गात मी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची गोष्ट सांगितली. ते १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि प्रयोगातल्या जागा अशा चिठ्ठीने ठरवण्याची रीत त्यांनी तिथल्या शेतांवर काम करताना बसवली. जमीन कुठे कसदार, कुठे पाणथळ, ही कटकट त्यांनाही होतीच. आठवीच्या मुलांना पुस्तकातला शास्त्रज्ञ एवढा जवळचा वाटलेला मी प्रथमच पाहिला.

आता त्या मरणाऱ्या रांगेबद्दल. पाला हिरवागार झालेली, खोड टणकलेली जून रोपं नर्सरीवाला कलमाला घेत नाही. पानं तांबूस आहेत, खोड लुसलुशीत आहे, कोयीतला साठा शिल्लक आहे तोवरच हे काम. तरी आमच्या एका मुलीने विचारलं, जुनी रोपंही घेऊ या का? मी तुमच्याकडे बघितलं. हापूसची काडी फुकट येत नाही, आणि त्या दिवसांत तर मुळीच नाही. तुम्ही म्हणालात, ‘ती मरतली, माका म्हायती आसा. पोरांका खंय म्हायती आसा?’ आणि तितक्याच निगुतीने त्याही बांधल्यात. मुद्दाम ढिल्या बांधल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं.

आलेख काढताना त्याचं मोल कळलं. आधी अक्षांवरून गोंधळ झाला, कोण वय आडवं घेतंय, कोण उभं. तुम्ही विचारलंत, यातलं तुम्ही काय ठरवलंत आणि झाडाने काय ठरवलं? आपण ठरवलं ते क्ष-अक्षावर, झाडाने ठरवलं ते य-अक्षावर. मी इतकी वर्षं शिकवतोय, याहून सोपं मला सुचलं नव्हतं. मग मी मुलांना जुन्या रोपांचे बिंदू हाताने झाकायला सांगितले. उरली जवळजवळ सपाट रेघ. ‘वयाने फरक पडत नाही’ असा निष्कर्ष त्या रेघेवरून कोणीही ठामपणे काढला असता. हात उचलल्यावर रेघ उजवीकडे घसरताना दिसली. ती घसरण तुमच्या काड्यांच्या पैशातून आली आहे, काका. नेहमीच्या, खात्रीच्या रोपांवरच थांबलो असतो तर आम्ही नीटनेटका आलेख काढून चुकीची गोष्ट शिकलो असतो.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला तो आलेख शाळेत लावला होता. पाहुण्यांनी विचारलं, एवढी कलमं का मेली? मुलांनी कारणं सांगितली. कोणी ओशाळलं नाही.

एक मागणंही आहे. तुम्ही कलमावर ती पेप्सीकोल्याची असते तशी लांबट पिशवी चढवता, ती काढली तर काय होतं हे नव्या आठवीला बघायचंय. म्हणजे पुन्हा काही कलमं जाणार. या वेळी पिशव्या आणि लोकर आमची. काड्या पायरीच्या दिल्यात तरी चालेल, फक्त सगळ्या एकाच झाडाच्या हव्यात, असं पोरांनी मला लिहायला सांगितलंय. मृग लागला की येतो.

आपला,
आठवीचा विज्ञान शिक्षक